कूलंट कमी होतंय, रेडिएटरमध्ये बुडबुडे. हेड खोलू द्यायचं का? दुसरं मत हवंय

माणदेशी_चाक

गाडी २०१५ची, १.२ लिटर, चार सिलिंडर पेट्रोल हॅचबॅक. टायमिंगला चेन आहे. रनिंग ९४ हजार. २०१९मध्ये बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवलंय, आरसीवर नोंद आहे. आठवड्यातून दोनदा सातारा-पुणे, बाकी गावातल्या गावात.

रिझर्व्ह बाटली वरच्या खुणेपर्यंत भरली की बारा दिवसांत खालच्या खुणेच्याही खाली जाते. मोजून ओततो, साधारण अर्धा लिटर लागतं. गाडीखाली डाग नाही. तीन रात्री पुठ्ठा अंथरून ठेवला, सकाळी कोरडा. पुण्याहून येताना खंबाटकी घाट चढून आल्यावर बॉनेट उघडलं तर बाटली तोंडापर्यंत भरलेली असते आणि बाहेरच्या अंगाला गुलाबी ओघळ सुकलेले दिसतात. जाताना बोगद्याने जातो तेव्हा असं काही नसतं. टेंपरेचरचा काटा या गाडीत नाही, नुसता निळा-लाल दिवा आहे. लाल अजून लागलेला नाही.

ऑइल डिपस्टिकवर स्वच्छ. ऑइलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मात्र थोडी पिवळट साय. सायलेन्सरला धूर नाही. हीटर लावला तर गोड वास नाही, मॅटिंग कोरडं. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ छापलंय.

पहिल्या गॅरेजमध्ये झाकण काढून गाडी चालू केली, गळ्यात बुडबुडे दिसले, निकाल: हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं. हेड खोलणे, फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं), गॅस्केट सेट आणि "खोलतोच आहे तर" चेन किट, मिळून ३२ हजार. दुसऱ्या गॅरेजमध्ये: वॉटर पंप, पाच हजार, आणि तोवर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे न सोडणारी झडप) काढून टाकू, गाडी थंड राहील. दोघांनीही कोणतंही यंत्र लावलेलं नाही. बघून सांगितलं.

३२ हजार घालायला ना नाही, पण गॅस्केट खरंच गेलंय हे हेड न खोलता कसं ठरवायचं? आणि तोवर गाडी चालवावी का?

---

पानापक्कड

हेडला हात लावू देऊ नका. अजून नाही.

झाकण काढल्यावर दिसलेले बुडबुडे हा पुरावा नव्हे. आधी कूलंट वरचेवर ओतलंय, हवा नीट काढलेली नाही, तर अडकलेली हवा इंजिन तापेपर्यंत बुडबुडतच राहते. बघायचं ते असं: इंजिन पूर्ण थंड, रेडिएटर काठोकाठ भरलेला, झाकण उघडं, आयडलिंगला. पहिल्या मिनिटभरात चार-दोन बुडबुडे येऊन थांबले तर ती हवा. थर्मोस्टॅट उघडल्यावर, म्हणजे ८२ ते ८८ अंशांच्या आसपास, पुन्हा एकदा ढवळल्यासारखं होतं, तेही साहजिक. पण थंड इंजिनलाच एकसारखी बारीक माळ लागली आणि रेस दिल्यावर ती दाट झाली, तर कुठून तरी गॅस आत येतोय. कुठून, ते बुडबुडा सांगत नाही.

दुसरी गोष्ट वरच्या होजची. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू करा आणि रेडिएटरचा वरचा होज दोन बोटांत दाबत राहा. कूलंट तापून फुगायला काही मिनिटं लागतात, तोवर होज मऊच राहायला हवा. अजून गारच आहे आणि दीड-दोन मिनिटांत दगडासारखा झाला, तर दाब उष्णतेचा नाही.

आता प्रेशर टेस्ट. सायकलच्या पंपासारखा हातपंप असतो, त्याला दाबाचं घड्याळ. रेडिएटरच्या झाकणाच्या जागी अडॅप्टर लावून बसवतात. रेडिएटरचं काम करणाऱ्या कोणाहीकडे मिळेल. इंजिन थंड हवं. झाकणावर ०.९ आहे म्हणजे ०.९ बार, तेवढाच दाब भरायचा. जोर आहे म्हणून दीड बार भरला तर चांगल्या रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी फुटेल. पंधरा मिनिटं घड्याळाकडे बघत थांबा. काटा हलला नाही तर बाहेरची गळती नाही. उतरला तर टॉर्च घेऊन शोध: रेडिएटरची प्लॅस्टिक टाकी जिथे ॲल्युमिनियमला दुमडून बसवलेली असते तो सगळा काठ, वरच्या होजचं नरडं, थर्मोस्टॅटची हाऊसिंग, खालच्या होजची क्लिप, ब्लॉकला ठोकलेले वेल्च प्लग (भोकं बुजवणाऱ्या पत्र्याच्या चकत्या). बारीक चिरेतून येणारा थेंब चालू गाडीत गरम ब्लॉकवर पडून वाफ होऊन जातो. तुमचा पुठ्ठा कोरडा राहिला म्हणून गळती नाही, असं त्यामुळे म्हणता येत नाही.

त्याच पंपावर झाकणही तपासून घ्या. ०.९च्या झाकणाने ०.९च्या जवळपास उघडायला हवं. अर्ध्या बारलाच सोडत असेल तर घाटात कूलंट बाटलीत जाणारच. झाकणाच्या मधोमध दुसरी छोटी व्हॉल्व्ह असते, नखाने ओढून पाहा. सुटून परत बसली पाहिजे. ती अडकली की इंजिन निवताना बाटलीतलं कूलंट परत ओढलं जात नाही आणि वरचा होज चपटा होतो. दाब राखणं किती महत्त्वाचं, तर ०.९ बार जादा दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण सैल, की तोच आकडा शंभरावर आला.

वॉटर पंप म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, "वीप होल बघितलं का?" पंपाच्या अंगाला, पुलीच्या मागे, खालच्या बाजूला पेन्सिलच्या टोकाएवढं भोक असतं. आतला सील गेला की कूलंट बेअरिंगमध्ये शिरण्याआधी तिथून बाहेर पडावं म्हणून ते ठेवलेलं असतं. तिथे वाळलेल्या कूलंटचा खडबडीत पापुद्रा दिसला, किंवा बेल्ट काढून पुली हलवल्यावर खेळ जाणवला, तर पंप. दोन्ही नसेल तर पाच हजार खिशात ठेवा.

ऑइलच्या झाकणातली साय एकटी दिसली तर सोडून द्या. गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत इंजिन पुरतं तापत नाही, आतला दमटपणा गार झाकणाला धरतो. डिपस्टिकवर कॉफीसारखं ऑइल आलं तर ती वेगळी गोष्ट.

आणि थर्मोस्टॅट काढायला सांगणाऱ्याकडे गाडी परत नेऊ नका. सीएनजी गाडीत तर अजिबात नाही. इंजिन तापेना की किटचा ईसीयू (इंधन ठरवणारा कॉम्प्युटर) गॅसवर जाईना, पेट्रोलवरच फिरत बसाल. मूळ ईसीयूही गार इंजिन समजून पेट्रोल जास्त मारत राहील.

---

रेड्यूसर

वरचं सगळं बरोबर, पण मूळ प्रश्नात एक ओळ आहे ती दोन्ही गॅरेजनी वाचली नाही आणि इथेही घाईत सुटली: सीएनजी किट.

सीएनजी टाकीत २०० बारने भरलेला असतो. इंजिनाला देण्याआधी रेड्यूसर तो साधारण दोन बारवर आणतो. दाब एवढा उतरला की गॅस प्रचंड गार होतो, रेड्यूसर गोठून बसेल. म्हणून त्याच्या पोटातून इंजिनाचं गरम कूलंट फिरवलेलं असतं. हीटरच्या पाईपमध्ये दोन टी घालून, किंवा काही ठिकाणी पाईप कापून सरळ मालिकेत. म्हणजे तुमच्या कूलिंग सिस्टिममध्ये कंपनीने न दिलेले सहा-आठ सांधे आहेत, तेवढ्याच क्लिपा आहेत आणि एक डबा आहे ज्यात गॅस आणि पाणी यांच्यामध्ये फक्त एक रबर आहे.

ते ओ-रिंग किंवा गॅस्केट कडक होऊन चिरलं की काय होतं बघा. गॅसवर चालताना गॅसच्या बाजूला दोन बार, पाण्याच्या बाजूला फार तर ०.९. गॅस पाण्यात शिरतो. रेडिएटरमध्ये बुडबुडे, होज कडक, दाब वाढून झाकण उघडतं, कूलंट बाटलीत आणि बाटलीतून बाहेर. हेड गॅस्केटची लक्षणं हुबेहूब. घाटात जास्त, कारण चढाला रेस जास्त, तापमान जास्त, झाकण आधीच काठावर आलेलं. पेट्रोलवर चालवलं की उलटं: गॅसची बाजू रिकामी, कूलंट तिकडे झिरपतं आणि पुढे गॅसच्या फिल्टरात, इंजेक्टर रेलमध्ये (गॅसचे इंजेक्टर बसवलेल्या पट्टीत) जातं. कूलंट "गायब" होतं ते असंही.

तपासायला खर्च शून्य. आधी बाटलीचं झाकण उघडून वास घ्या. सीएनजीला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास घातलेला असतो. गाडी गॅसवर चालवून आणल्यावर बाटलीत तो सडक्या कांद्यासारखा भपका आला तर जवळपास निकाल लागला. हे उघड्यावर करा, विडीकाडी लांब. रेडिएटरचं झाकण मात्र गार झाल्यावरच काढायचं, नाहीतर तोंड भाजेल.

मग डिकीतल्या टाकीचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करा आणि गाडी गॅसवरच चालू ठेवा. पाईपमधला गॅस संपला की ती आपोआप पेट्रोलवर येते. आता लाइन रिकामी. पूर्ण निवल्यावर पेट्रोलवर चालू करून बुडबुडे बघा. गॅसवर माळ आणि पेट्रोलवर काही नाही, तर हेड गॅस्केटचा काही संबंध नाही. गॅस्केटला इंधन कुठलं ते कळत नाही, ते दोन्हींवर फुंकणार.

प्रेशर टेस्टही दोनदा करून घ्या. एकदा आहे तशी. एकदा रेड्यूसरच्या पाण्याच्या दोन्ही नळ्या होज दाबायच्या चिमट्याने बंद करून. पहिल्यांदा काटा उतरला आणि दुसऱ्यांदा जागेवर राहिला, तर गळती त्या दोन चिमट्यांच्या मधल्या तुकड्यात आहे. चिमटा नसेल तर व्हाइस ग्रिपच्या जबड्यांना जुनी ट्यूब गुंडाळा, नुसत्या पकडीने होज चिरतो. चिमटे लावलेले असताना गॅसवर चालवू नका, रेड्यूसर गोठेल. आणि नळ्या मालिकेत असतील तर चिमट्याने हीटरचा पूर्ण फेराच बंद होतो. तेव्हा टेस्टपुरतं ठीक, पण गाडी चालवायची असेल तर दोन्ही नळ्या काढून मधोमध पितळी जॉइंटरने एकमेकींना जोडा. नळी बहुधा १६ मिमीची असते, तरी मोजून आणा.

---

फेसिंग_०५

रेड्यूसर म्हणतात ते पटतं, पण गॅस्केटला क्लीन चिट इतक्या लवकर नको. दोन्ही एकत्र गेलेलं असू शकतं. रेड्यूसरच्या दाबाने कूलंट कमी होत राहिलं, हेड एकदा तापलं, गॅस्केट गेलं, असा क्रम लागतो.

गॅस्केटसाठी खात्रीची टेस्ट म्हणजे निळ्या द्रवाची. काचेच्या नळीत निळा द्रव, ती रेडिएटरच्या तोंडावर धरून वरच्या फुग्याने रेडिएटरमधली हवा त्यातून ओढायची. जळालेल्या वायूतला कार्बन डायऑक्साइड आला की द्रव पिवळा होतो, डिझेलला हिरवट. न जळलेल्या सीएनजीने रंग बदलत नाही, म्हणून तुमच्या गाडीत ही टेस्ट सोन्यासारखी. तरी पेट्रोलवरच करा. काही गॅसमध्ये मुळातच थोडा कार्बन डायऑक्साइड असतो, उगाच शंकेला जागा नको. रेडिएटरमधलं कूलंट चार बोटं खाली घ्या, नाहीतर नळीत कूलंट ओढलं जाईल आणि द्रव वाया. गाडी तापलेली हवी, आणि दोन-तीन मिनिटं अधूनमधून रेस द्या. बारीक गळती आयडलिंगला दिसत नाही.

कोणी पीयूसीच्या मशीनची नळी रेडिएटरच्या तोंडावर धरायला सांगेल. जुनी युक्ती आहे, पेट्रोल गाडीत चालते. सीएनजी गाडीत हायड्रोकार्बनचा आकडा फसवतो, कारण रेड्यूसरमधून आलेला कोरा गॅसही हायड्रोकार्बनच. बघायचाच तर कार्बन मोनॉक्साइड बघा, तो जळल्याशिवाय तयार होत नाही. आणि नळीने कूलंट ओढलं तर मशीन बंद पडतं, पीयूसीवाला उभा करणार नाही.

तिसरी, सगळ्यात साधी: संध्याकाळी पंपाने ०.९ भरून रात्रभर ठेवा. सकाळी चारही प्लग काढा, इग्निशन आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढून ठेवा, सेल्फ मारा. एखाद्या भोकातून फवारा आला तर तो सिलिंडर सापडला. कोरडं असेल तर प्लग शेजारी शेजारी ठेवून बघा. गॅसवर चालणाऱ्या गाडीचे प्लग एरवीही स्वच्छ, पांढरट असतात, तेव्हा स्वच्छ आहे म्हणून घाबरू नका. तिघांपेक्षा एक वेगळा आहे का ते बघा. एंडोस्कोप मिळाला तर पिस्टनच्या माथ्याकडेही तसंच. कूलंट शिरणाऱ्या सिलिंडरचा पिस्टन वाफेने धुतल्यासारखा लख्ख असतो, बाकी तिघांवर काजळी.

एवढं करून हेडच निघालं तर त्या ३२ हजारांच्या कागदावर काय लिहून घ्यायचं, तेही सांगतो. "फेसिंग" सरसकट करायची नसते. पट्टी आणि फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातींचा संच) लावून आधी मोजायचं, ०.०५ मिमीची पात पट्टीखाली शिरत नसेल तर बहुतेक छोट्या इंजिनांना फेसिंग लागत नाही. उगाच घासलं की कॉम्प्रेशन वाढतं आणि पुढच्या वेळेला घासायला माल उरत नाही. मोजमाप समोर करून घ्या. हेड गरम पाण्याच्या टाकीत हवेने प्रेशर टेस्ट करून घ्या, कारण चीर असेल तर नवं गॅस्केट दोन महिनेही टिकणार नाही. ताणून बसवायचे हेड बोल्ट असतील तर नवेच. जुने परत वापरतो म्हणाला तर गाडी उचला. चेन किट ९४ हजाराला आवाज नसेल, चेन ताणणारा टेन्शनर बाहेर आलेला नसेल, तर गरजेचं नाही.

---

सरळ_उपाय

इतकं कशाला, रेडिएटरमध्ये दोन चमचे हळद टाका, बारीक गळती बंद होते. ट्रकवाले वर्षानुवर्षं करतात.

---

पानापक्कड

ट्रकचा जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर, रुंद नळ्या, आणि गाव पन्नास किलोमीटर लांब. तिथपर्यंत पोचायला हळद ठीक होती. या गाडीच्या ॲल्युमिनियम रेडिएटरच्या नळ्या चपट्या आणि आतून अगदी अरुंद, हीटर कोअरच्या त्याहून अरुंद, आणि रेड्यूसरमधली वाट तर बोळच. हळद असो वा डबीतली लीक-स्टॉप पावडर, ती आधी तिथे बसते जिथे प्रवाह मंद आहे. तुमच्या चिरेपाशी जाण्याचं बंधन तिला नाही. शिवाय यांच्या गाडीत गॅस आत येतोय की कूलंट बाहेर जातंय तेच ठरलेलं नाही.

---

माणदेशी_चाक

सगळ्यांचे आभार. रेडिएटरवाल्याकडे पंप होता, निळा द्रव मागवून घेतला. निकाल जसेच्या तसे:

झाकण ०.८५ला उघडलं, मधली व्हॉल्व्ह मोकळी.

प्रेशर टेस्ट, थंड इंजिन: ०.९वरून पंधरा मिनिटांत ०.७५. बाहेर कुठेही थेंब नाही. वीप होल कोरडं, पापुद्रा नाही. इथे रेडिएटरवालाही म्हणाला, "बाहेर नाही म्हणजे आत, हेडच."

रेड्यूसरच्या दोन्ही नळ्यांना चिमटे लावून पुन्हा: ०.९, पंधरा मिनिटांनी ०.९. वीस मिनिटं ठेवलं, हलला नाही.

बुडबुडे: गॅसवर थंड इंजिनला बारीक माळ, रेस दिल्यावर दाट. टाकी बंद करून पेट्रोलवर, चिमटे काढलेले: सुरुवातीला तीन-चार, मग काही नाही. बाटलीत गॅसचा वास येतो, आता नाक लावल्यावर कळलं.

निळा द्रव, पेट्रोलवर, गरम इंजिन, तीन मिनिटं रेस कमी-जास्त करत: निळाच.

प्लग चारही सारखे. एंडोस्कोप मिळाला नाही.

नळ्या टी घालून समांतर जोडलेल्या आहेत. किटवाला रिपेअर किट मजुरीसह २,२००, नवा रेड्यूसर ६,५०० म्हणतो. काय करावं? आणि तोवर पेट्रोलवर चालवली तर चालेल का?

---

रेड्यूसर

चित्र स्वच्छ आहे. ०.७५ आणि ०.९ हे दोन आकडे कागदावर लिहून ठेवा, कोणी हेड म्हटलं की दाखवा.

चालवण्याबद्दल: टाकीचा व्हॉल्व्ह बंद, पाण्याच्या नळ्या रेड्यूसरवरून काढून एकमेकींना जोडलेल्या, आणि मग पेट्रोलवर. नळ्या तशाच ठेवून पेट्रोलवर चालवाल तर कूलंट गॅसच्या बाजूला झिरपत राहील आणि इंजेक्टर रेल चिकट होईल. कूलंट सुकलं की साखरेच्या पाकासारखं धरतं, मग इंजेक्टर एकेक करून अडकतात.

रिपेअर किट की नवा, ते उघडल्यावर ठरवा. पाण्याच्या बाजूचं झाकण काढून ॲल्युमिनियमची बैठक बघायची. जिथे ओ-रिंग बसते त्या खाचेत पांढरी बुरशी, खड्डे असतील तर नवी रिंग बसूनही सील होणार नाही. तेव्हा नवाच घ्या. खाच गुळगुळीत असेल तर रिपेअर किट पुरेसं. त्यात डायफ्रामही असतात, तेही बदलायला लावा. नुसती एक रिंग बदलून पैसे पुरे घेतात. खड्डे पडले असतील तर कारण बहुधा एकच: कूलंटऐवजी बोअरचं पाणी. बारा दिवसांनी अर्धा लिटर काय ओतत होतात, ते लिहिलं नाहीत.

गॅसच्या बाजूचा कमी दाबाचा फिल्टर, तो प्लॅस्टिकचा गोल डबा, नक्की बदला. हलवून बघा, आत खळखळलं तर रेल काढून साफ करावी लागेल. रेड्यूसरची जागाही बघा. तो रेडिएटरच्या झाकणापेक्षा खाली असायला हवा. वर बसवला असेल तर हवा त्यातच अडकते आणि गॅसवर गेल्यावर तो मधूनच गार पडतो. क्लिपा पातळ पत्र्याच्या असतील तर रुंद, गुळगुळीत काठाच्या स्क्रू क्लिपा लावा.

हे काम हौसेने घरी करू नका. रेड्यूसरला येणारी लाइन २०० बारची आहे. किटच्या अधिकृत फिटरकडूनच, आणि नंतर चालू गाडीत प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून बघायचं. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी असते. २०१९ची टाकी असेल तर प्लेटवरची तारीख त्याच फेरीत बघून घ्या.

---

माणदेशी_चाक

ओतत होतो ते नळाचं पाणी. दोनदा हिरवं कूलंटही ओतलं, आत गुलाबी होतं.

---

पानापक्कड

मग रेड्यूसर जोडण्याआधी सगळं काढून धुवा. रंगावरून कूलंटची जात ठरत नाही, प्रत्येक कंपनी वाटेल तो रंग घालते. पण गंज रोखणारी रसायनं वेगवेगळी असतात, आणि मिसळली की कमकुवत होतात किंवा गाळ धरतात.

खालचा होज सोडून रेडिएटर रिकामा करा, हीटर गरमवर ठेवा. डिस्टिल्ड वॉटर भरा, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवा, निवू द्या, सोडा. पाणी रंगहीन येईपर्यंत हेच, बहुधा तीन फेरे. काढलेलं कूलंट बादलीत धरा, अंगणात सोडू नका. इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि कुत्री-मांजरं ते पिऊन मरतात.

आता प्रमाण. अशा गाडीत बाटलीसकट चार ते पाच लिटर बसतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. गोम अशी की धुतल्यावर ब्लॉकमध्ये लिटरभर तरी पाणी उरतंच. त्यात तयार ५०:५० कूलंट ओतलं तर ते पातळ होतं. म्हणून कॉन्सन्ट्रेट घ्या. मॅन्युअल ४.५ लिटर म्हणत असेल तर आधी २.२५ लिटर कॉन्सन्ट्रेट, मग काठापर्यंत डिस्टिल्ड. आपल्याकडे गोठण्याची भीती नाही, पण एक तृतीयांशापेक्षा कमी कूलंट असेल तर गंजापासून संरक्षण उरत नाही.

हवा काढताना गाडीचं नाक चढावर करा, हीटर पूर्ण गरम, झाकण उघडं, आयडलिंग. पातळी खाली जाईल तशी भरत राहा. खालचा होज गरम लागला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा, मग झाकण लावा. रेड्यूसरच्या दोन्ही नळ्यांना हात लावून पाहा. एक गरम आणि दुसरी गार असेल तर त्यात हवा अडकली आहे. वरची नळी किंचित सैल करून सुस्कारा बाहेर पडू द्या. दुसऱ्या दिवशी थंड गाडीत पातळी पुन्हा बघा, पाव लिटर तरी जाईल. तेवढं जाणं गळती नव्हे.

काटा नसलेल्या गाडीत हजारभराचा ओबीडी ब्लूटूथ डोंगल (गाडीच्या सॉकेटला लावून मोबाइलवर तापमान दाखवणारा) घेऊन ठेवा. सपाटीला ८८ ते ९८, घाटात थोडं वर. १०५च्या पुढे गेलं तर बाजूला घ्या. लाल दिव्याची वाट बघू नका, तो फार उशिरा लागतो. आणि कूलंट संपून सेन्सर हवेत लटकला तर आकडाही खोटा दाखवतो, म्हणून बाटलीकडे नजर हवीच.

---

माणदेशी_चाक

रेड्यूसर उघडला. ओ-रिंगच्या खाचेत एका बाजूला नखभर लांबीचा पांढरा चट्टा, टोकदार वस्तूने खरवडला तर खड्डाच निघाला. नवा बसवला. गॅसचा फिल्टर हलवल्यावर खळखळत नव्हता, पण कापून बघितला तर आत गुलाबी डाग. रेल काढून साफ केली. टाकीची टेस्ट गेल्या वर्षीच संपली होती, तीही करून घेतली.

पुन्हा प्रेशर टेस्ट, चिमट्यांशिवाय: ०.९, वीस मिनिटांनी ०.९. गॅसवर बुडबुडे नाहीत. बाटलीवर स्केचपेनने रेघ मारली आहे; सोळा दिवस झाले, खंबाटकी चार वेळा चढून झाला, पातळी रेघेच्या दोन मिमी खाली. डोंगलवर घाटात कमाल ९९.

ऑइलच्या झाकणातली साय अजून आहे.

---

फेसिंग_०५

पुसून टाका आणि पुण्याच्या दोन फेऱ्यांनंतर बघा. लांबच्या रनिंगनंतरही परत आली तर पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या पोटातली वाफ ओढून घेणारी झडप) काढून हलवा, आत टकटक वाजायला हवं. वाजलं नाही तर तो चिकटलाय. साफ करा किंवा बदला, दहा मिनिटांचं काम आहे.